झोंबरं

"हे आत जाणार नाही," कचरा निवडणारी म्हणाली आणि फ्लेक्सच्या ढिगावर सरळ मांडी घालून बसली.

खाली साहेबांचे चेहरे होते. सगळे हसरे, सगळ्यांचे हात जोडलेले. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, कारण नसतानाचे. चौकाचौकांतून उतरवलेले हे तीनशे फ्लेक्स आज प्लास्टिकचं तेल काढणाऱ्या भट्टीत घालायचे आणि त्या तेलावर साहेबांची गाडी चालवून दाखवायची, असं ठरलं होतं. 'स्वच्छ हवा हा प्रत्येकाचा हक्क' असंही त्यातल्या कित्येकांवर छापलेलं होतं.

"मावशी, उठा. साहेब गेटवर आलेत," मॅनेजर दातओठ खात म्हणाला. "प्लास्टिकच आहे ना ते? मग भट्टी कशाला बांधलीय?"

"पिशव्या मेणी असतात, त्या जातात. हे झोंबरं आहे."

"असला शब्द कुठल्याच कागदावर नाही."

"कागदाला नाक नसतं."

हा शब्द कचरा निवडणाऱ्या बायकांनीच पाडला होता. तुकड्याला काडी लावायची. मेणबत्तीसारखा वास आला तर मेणी, घशात सुया गेल्या तर झोंबरं. झोंबरं भट्टीत तापलं की त्याचा वायू आधी झाकणाचं पॅकिंग खातो, मग झाकणाशी बसलेल्या माणसाला. झाकणाशी तिचा नवरा बसायचा.

"मागच्या महिन्यात चुकून झोंबऱ्याचे दोन पाइप गेले आत," ती म्हणाली. "चार दिवस ह्यांना डोळे उघडता आले नाहीत. दोन पाइपांत! आणि हे तीनशे."

"म्हणजे साहेब विषारी आहेत, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"फ्लेक्स म्हणतेय मी. अजून तरी."

शेजारची निवडणारी तोंडावर हात धरून हसली आणि मॅनेजरने बघताच खोकल्याचं सोंग केलं.

साहेब आत आले. मागे कॅमेरावाला. "काय ताई, रागावलात का आमच्यावर?" त्यांनी लाघवी आवाजात विचारलं.

तिने कात्री घेतली, वरच्याच फ्लेक्सवरचा साहेबांचा कान कापला, चिमट्यात धरला, काडी लावली आणि खऱ्या साहेबांच्या नाकाखाली नेला.

साहेब तीन पावलं मागे गेले. खोकले. पुन्हा खोकले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मॅनेजर कागदाने वारा घालू लागला.

"बाई खरं बोलतायत," साहेब रुमालातून म्हणाले. "भयंकर आहे हे."

मॅनेजरचा चेहरा पडला. निवडणारी गुडघ्यावर हात टेकून उठली. एवढं सोपं होतं तर.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "असं करू. आता नुसते भरून घ्या, फोटो होऊ दे. पेटवायचं मात्र मी निघाल्यावर."

"केवढा विचार करता साहेब तुम्ही," मॅनेजर म्हणाला. "चला रे, भरा."

कुणी हललं नाही. मग तिचा नवरा हलला. इतका वेळ तो भट्टीला टेकून उभा होता. त्याने कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचलून आणलं, झाकणापासून हातभरावर ठेवलं आणि बाहीने नीट पुसलं.

"पेटवायचं आपल्याच शुभहस्ते होऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "मग इथे बसायचं असतं. चार तास. उठून चालत नाही, दाबाच्या काट्यावर नजर ठेवावी लागते."

साहेब स्टुलाकडे बघत राहिले. मॅनेजर साहेबांकडे.

कॅमेरावाला नवीन होता. त्याने एक डोळा मिटला आणि कॅमेरा वर केला.

"बसा ना, साहेब. उजेड मस्त पडलाय."