खिडकीवरची घोंगडी

फुलचंदनं काडी ओढून पुढं धरली. उकंडरावानं मलमलीचा तुकडा तोंडाला लावून फुंकर मारली. काडी विझली.

"हे नको," उकंडराव म्हणाला.

मांजरपाटाचीही तीच गत झाली. मग फुलचंदनं काळी घोंगडी काढली. उकंडरावानं गाल फुगवून, डोळे वटारून जोर लावला. काडी मजेत जळत राहिली, दुकानदाराच्या बोटाला चटका बसेपर्यंत.

"घ्या. याच्यातून हवा पार होत नाही," फुलचंद बोट चोखत म्हणाला.

उकंडरावाला तेच हवं होतं. त्याच वर्षी विदर्भ मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, पण विदर्भातल्या या मालेगावच्या, सरकी काढायच्या जिनातलं कापसाचं उडतं तूस जिथल्या तिथंच होतं. जिनामागं त्याची एकच खोली, तिला एकच खिडकी, तीही जिनाकडे. दिवाळी सरली की भाकरीवर तूस, पाण्यावर तूस. बायको सोजरबाई दम्यानं खाटेला खिळलेली. जिन काही त्याच्या सांगण्यानं बंद पडणार नव्हतं. खिडकी तेवढी हातातली.

त्यानं आतून घोंगडी लावली आणि दाभणात सुतळी ओवून गजांना शिवून टाकली. खालीच सोजरबाईची खाट होती. संध्याकाळी शेगडीत निखारे भरून खाटेजवळ ठेवले, वर मूठभर ओवा टाकला. ओव्याची धुरी छातीला बरी, असं त्याची आई सांगायची. रात्री शेतावर हरभऱ्याची जागल असे. सोजरबाईला उठून दार लावणं होत नसे, म्हणून तो बाहेरून कडी घालून गेला.

सकाळी आला तर घोंगडीचा खालचा कोपरा उसवलेला.

"उंदीर हाय," तो म्हणाला. "तुले कसं वाटून राह्यलं?"

"कोंडल्यासारखं होते."

"होईनच. इतकं तूस आलं असंन रातभर."

त्यानं कोपरा पुन्हा शिवला आणि आतून गोणपाटाचा आणखी एक पदर चढवला.

पुढचे काही दिवस हेच चाललं. उंदीर मोठा शिस्तीचा होता. घोंगडी कुरतडायचा नाही, नुसते टाके काढायचा. उकंडरावानं पिंजरा लावला. त्यातला भाकरीचा तुकडा वाळून खडंग झाला.

"राहू द्या ना तेवढा कोपरा," सोजरबाई एकदा म्हणाली.

"तुह्या जिवासाठीच तं करून राह्यलो मी. दुसरं काय हाय माह्या हाती?"

बोलता बोलता त्यानं तिच्या पायावरची गोधडी नीट केली. तिला त्याची फार कीव आली. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

एका संध्याकाळी तो निघायच्या तयारीत असताना तिनं विचारलं, "दाभण कुठी हाय?"

"शेजारचा बबनराव घेऊन गेला, गोण्या शिवाले. काहून?"

"काई नाही. असंच."

त्या दिवशी थंडी जास्त होती. त्यानं शेगडीत निखारे वाढवले, ओवाही वाढवला, आणि कडी घालून शेताकडे निघाला.

सकाळी परतताना त्याची नजर आधी खिडकीवर गेली. घोंगडी ताठ होती. बाहेरच्या अंगाला पांढऱ्या तुसाचा जाड थर साचला होता. एवढं सगळं बाहेरच अडलं. कितीतरी दिवसांनी उकंडरावाला हलकं वाटलं. त्यानं कडी काढली.

"अवं, पाय ना, आज उंदीर फिरकलाच नाही."

एकही टाका उसवलेला नव्हता. आतलं गोणपाट धुरानं काळं झालं होतं. खालच्या कोपऱ्यात तेवढी तोंडाएवढी जागा पुसली गेली होती, आणि तिथं गोणपाट अजून ओलसर होतं. सोजरबाई त्याच कोपऱ्याला डोकं टेकून बसली होती, थंड पडलेली.

तिच्या नखांत सुतळीचे तंतू अडकले होते.