कोळशाची खूण

अठ्ठावन्न साली दर्यापूरच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गंजीवरून पडून महादेवचा हात मोडला. प्लास्टर निघालं, पण खांदा आखडला. डॉक्टरांनी घरच्या भिंतीवर, त्याच्या डोक्याच्या वर, कोळशाने खूण केली. "रोज बोटं भिंतीवर चढवत न्या. इथवर पोचली की व्यायाम बंद."

"हात उठू दे, मंग पाह्यतो तुले," बोटं चढवताना तो बायकोला, गिरजाला, रोज म्हणायचा. आखाजीच्या सणाला तिने पांढऱ्या मातीने भिंत पोतारली आणि पुसली गेलेली खूण पुन्हा काढली.

आठवड्यातच बोटं खुणेला लागली. व्यायाम सुटला. भाजी अळणी झाली त्या दिवशी महादेवने हात उगारला, तो अर्ध्यातच अडला.


भिंत वाळल्यावर गिरजा तिला पाठ लावून उभी राहिली होती, आणि कोळसा तिने आपल्या हनुवटीखालून ओढला होता.