मिरचीची फोडणी

"आई, कुणी बेल वाजवली तरी दार उघडू नकोस. समोरच्या त्या काळ्या बाईला तर मुळीच नाही," असं बजावून मुलगा-सून कामावर गेले. अमेरिकेत येऊन इंदुमतीबाईंना चार महिने झाले होते. खिडकीबाहेर बर्फ, आत चार भिंती; दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही.

त्यांनी आमटीला मिरचीची फोडणी दिली आणि छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा किंचाळू लागला. काही केल्या थांबेना. बाई रडकुंडीला आल्या. तेवढ्यात दारावर थाप पडली. दाराच्या भोकातून तोच काळा चेहरा दिसला.

त्यांनी डोळे मिटून कडी काढली.

ती आत आली, खुर्चीवर चढली आणि टॉवेलने वारा घालत राहिली. भोंगा थांबला तेव्हा दोघीही ठसक्याने बेजार होत्या. मग तिने हसून इंदुमतीबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. चार महिन्यांत तसं कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलाने पुन्हा तेच बजावलं. बाईंनी मान डोलावली. घर रिकामं झाल्यावर त्यांनी दोन वाट्या आमटी वाढून ठेवली, खिडकी घट्ट लावली आणि तापल्या तेलात सात-आठ मिरच्या सोडल्या.