चार लाख किलोमीटर

"मिस्त्री, हे मीटर पन्नास हजारांवर आणा," जुन्या गाड्या विकणारा शेठ म्हणाला आणि बाबालाल मिस्त्रींना तोंडातलं पान कडू लागलं.

ही जपानी गाडी सांगलीत नवी आली, तेव्हा लोक तिला पत्र्याचा डबा म्हणून हसले होते. पुढं भल्याभल्या दणकट गाड्या भंगारात गेल्या, डबा मात्र चार लाख किलोमीटर धावला. इंजिन खोलायची पाळी कधी आलीच नाही. तो आकडा म्हणजे तिची अब्रू होती. तरी पोटासाठी त्यांनी मीटर मागं फिरवलं. मग घासघासून हात धुतले, पण किळस जाईना.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून गिऱ्हाईक आलं. मीटर बघून त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "सदतीस वर्षांत पन्नासच हजार? म्हणजे नुसती उभी होती. उभी गाडी आतनं सडते. आमच्या आबांची याच कंपनीची, पाच लाख चालली. मला तशी चाललेली पाहिजे." एवढं बोलून ते निघून गेलं.

शेठ धावत आला. "मिस्त्री, मीटर सहा लाखांवर घ्या!"

मिस्त्री पचकन थुंकले. खरा आकडा लावावा, हे त्या माणसाला अजूनही सुचलं नव्हतं.