पाव गोळी

सकाळपासून तिसरी उलटी झाली तेव्हा शिवबाईने मोरीतूनच हाक मारली, "आत्या, गोळी द्या. आज अख्खी द्या."

गंगम्मा उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होती. ती शिवबाईची सासू, आणि सख्खी आत्याही. तिने हाक ऐकली, पण अडकित्ता काही थांबवला नाही.

शिवबाई भिंत धरत बाहेर आली आणि चुलीपाशी खाली बसली. सहा वर्षं ती दम्यासाठी रोज एक गोळी घेत होती. दमा आटोक्यात आला, पण गोळी हाडं पोखरायला लागली, तेव्हा सात रस्त्याच्या चौकातल्या डॉक्टरांनी गोळी उतरवायला घेतली. एकदम नाही, आधी पाऊण, मग अर्धी, आता पाव. अंग ठणकेल, गळून जाल, चक्कर आली तर मीठ घातलेलं ताक घ्या, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. आणि तिच्या नवऱ्याला, गुरप्पाला, समोर बसवून दोनदा बजावलं होतं: मधेच बंद करायची नाही. ताप आला, उलट्या लागल्या, तर त्याच घटकेला अख्खी गोळी द्यायची आणि टांग्यात घालून इकडे आणायचं. हयगय केलीत तर बाई हातची जाईल.

गुरप्पा पहाटेच्या एसटीने मंगळवेढ्याला ज्वारी बघायला गेला होता. गोळ्यांची बाटली म्हातारीच्या कमरेच्या चंचीत, पानसुपारीसोबत. अडकित्त्याने गोळीचे चार सारखे तुकडे करावेत ते तिनेच. तेवढा नेमका हात घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"आत्या, कालची पण दिली न्हाय तुमी. परवाची पण न्हाय."

"न्हाय दिली," गंगम्मा शांतपणे म्हणाली. "मुद्दामच न्हाय दिली. पाव केल्यापासनं बघतीया मी. त्वांडाची सूज उतरत चाललीया तुझ्या."

"गोळीचीच सूज व्हती की ती. उतरणारच."

"उतरली. आन् खाली कोण निघालं, बघितलंस का?"

शिवबाईने बघितलं होतं. म्हणूनच आठ दिवस ती आरशासमोर जात नव्हती. फुगलेले गाल बसले, हनुवटी वर आली, आणि तिथं नागम्मा दिसायला लागली. नागम्मा तिची थोरली बहीण. याच घरात गुरप्पाची पहिली बायको म्हणून नांदली आणि नऊ वर्षांपूर्वी गेली. सख्ख्या बहिणी एकमेकींसारख्या दिसायच्याच, त्यात काय एवढं, असं शिवबाई स्वतःला समजावत होती. समजावत होती आणि भीत होती.

घर गरगर फिरलं. तिने जमिनीला हात टेकले. "निदान ताक तरी द्या. मीठ घालून द्या."

अडकित्ता थांबला. म्हातारी उठली, आत गेली आणि ताकाऐवजी ओंजळभर खडेमीठच घेऊन आली. शिवबाईला अगदी खेटून बसली.

"मीठच मागशील की तू," ती म्हणाली. "दोन पायल्या मिठात बसवली व्हती तुला. शेवटचं सूप मीच वतलं, गळ्यापातूर."

त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवून, विभूती आणि मीठ घालून पुरतात. नागम्माला बसवलेलं शिवबाईने काठावर उभं राहून पाहिलं होतं.

म्हातारी रागावलेली असती तर परवडलं असतं. पण तिच्या डोळ्यांत माया होती. आठ वर्षं राबूनही शिवबाईच्या वाट्याला न आलेली माया.

"गोळी दिली की ती फुगरी परत यील," गंगम्मा तिच्या कानाशी बोलली. "न्हाय द्यायची. तू ये. लई दिस झालं, नागम्मा."

मिलचा तीनचा भोंगा झाला. गुरप्पाची एसटी सहाला. तोवर आपण टिकत नाही, हे शिवबाईला आतून कळत होतं. हातपाय गार पडले होते. ओरडायला गेली तर तोंडातून नुसता वारा आला.

तिने फार विचार केला नाही. म्हातारीच्या ओंजळीतला एक खडा उचलून जिभेवर ठेवला. नागम्मा सासूला कधी आत्या म्हणाली नव्हती, अहोजाहोही केलं नव्हतं; आईला मारावी तशीच हाक मारायची.

"अव्वा," शिवबाई म्हणाली.

म्हातारीच्या ओंजळीतलं मीठ सांडलं.

"गोळी दे, अव्वा. अख्खी दे. गोळीबिगर मला हितं थांबता येत न्हाय. जावं लागतंय."

गंगम्माने घाईघाईने चंची सोडली. तिने गोळी शिवबाईच्या जिभेवर ठेवली, तांब्या तोंडाला लावला, ओठावरून ओघळलेलं पाणी पदराने पुसलं. शिवबाईने गोळी गिळली आणि दातावर दात दाबून बसून राहिली. गोळी पोटात टिकली.

म्हातारीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. केसांतून बोटं फिरवायला लागली. आपण वाचलो या आनंदाने शिवबाईला रडू यायला हवं होतं. पण या घरात तिला इतकं सुख कधी मिळालं नव्हतं आणि त्या सुखाचीच तिला भीती वाटली. तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कुणाचं तरी सुख आपण पडल्यापडल्या घेतोय, असं तिला वाटत राहिलं.

गंगम्माने बाटली उजेडात धरून हलवली. तळाशी थोड्या गोळ्या वाजल्या.

"नागम्मा," ती हळूच म्हणाली, "डाक्टर म्हणतोय, फुडच्या महिन्यात गोळ्या बंद. मग तू कुटं जायाची गं?"