सीताची साक्ष

“चोर आला का, सोमाजीभाऊ?” चहाचा ग्लास पुढे करत कोर्टातल्या चहावाल्या बाबूभाईनं विचारलं.

“आला असंन इथीच,” सोमाजी म्हणाला. “त्याले सोड. तिकडं पाहा, माही सीता!”

राजुऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, दुसऱ्या टोकाच्या खांबाजवळ सीता उभी होती. साडीवर खात्याचा खाकी शर्ट. वर्धा नदीच्या वाळूत कासवं अंडी घालतात, त्यांच्या पाहणीवर वनखात्यानं तिला नेमलं होतं. नव्या क्वार्टरांच्या बांधकामासाठी ट्रकांनी निम्मी वाळू उचलून नेली होती, आणि उरलेला पट्टा तिच्या भरवशावर होता. आसपासच्या गावांत अशा कामावर दुसरी बाई नव्हती. लेकीचं कौतुक किती सांगू नि किती नको, असं सोमाजीला व्हायचं. ऐकणाऱ्याचा चहा गार होई.

“बापाजवळ काऊन बसत नाई ते?”

“ड्युटीवर हाये. ड्युटीवर बापासंग बी बोलत नाई.”

“आन् चोराले कसं पकडलं?”

सोमाजी खुलला. “दुसरे चोर अंडी काढून खड्डा उघडा टाकून पळतेत. यानं वाळू परत भरली, वरून हात फिरवला. नदीतून काई घेतलं का जागा झाकून द्याव, हे जुन्या माणसाची रीत. दुसऱ्या कोणाले पत्ता नसता लागला. सीता म्हणे, आजूबाजूच्या वाळूवर वाऱ्याच्या लहरी, अन् इथीच गुळगुळीत कशी? दबा धरून बसली. चोर उरलेली अंडी न्याले आला, अन् हिनं त्याचा हात धरला.”

“मग?”

“घरी पाहुणे येऊन राह्यले, या बारीले सोड म्हणे. हिनं नाई सोडलं. शेवटी हिसका देऊन पळाला. पण हिनं तोंड पाह्यलं होतं. सरळ हापिसात जाऊन नाव सांगतलं!”

बाबूभाईला दया आली. “गरीब आदमी असंन बेचारा. जाऊ द्याले पाहिजे होतं.”

सोमाजीचा चेहरा उतरला. सीतालाही अशीच दया येईल, हीच त्याला धास्ती होती. सीतानं ‘ओळखलं नाही’ म्हटलं की चोर सुटणार, असं वकील बजावून गेला होता. तिची आई बायनाबाई तर तेवढं म्हणच म्हणून तिच्या हातापाया पडत होती. सीता त्यावर हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती.

“आज ते फिरली ना, बाबूभाई, तं त्या खाकी शर्टाले काई अर्थ नाई,” सोमाजी म्हणाला. “उद्या कोणीबी ट्रकवाला तिच्या तोंडावर म्हणंन, का तुनं एकाले सोडलं, मले काऊन अडवतं?”

पुकारा झाला. सगळे आत गेले. बाबूभाई रिकामे ग्लास घेऊन खिडकीशी थांबला.

वकिलानं सीताला कोंडीत पकडलं. धुकं होतं ना? होतं. माणूस पळाला ना? पळाला. मग चेहरा नक्की दिसला का? नीट आठवून सांगा.

सीतानं खाली पाहिलं. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. गेली केस, असं बाबूभाईला वाटलं.

“दिसला,” सीता म्हणाली. “तो इथीच हाये.” आणि तिनं बोट दाखवलं.

“बरोबर हाये, साहेब,” आरोपीच्या पिंजऱ्यातून सोमाजी ताठ मानेनं म्हणाला. “माही पोरगी हाये ते. खोटं नाई बोलाची.”