सातवं झाड

"आधी मला तोड, मग झाडाला हात लाव," एटेल्विना म्हणाली आणि चेस्टनटच्या खोडाला पाठ लावून उभी राहिली.

आमांदियुने कुऱ्हाड खाली टेकवली. "अगं बये, मुळाशी बघ तरी!" त्याने खड्ड्यातून मुठीएवढा काळा दगड उचलून बायकोपुढे धरला. आकाराच्या मानाने दगड भलताच जड. "या दगडाची शीर इथेच आहे. सरळ खोडाखाली शिरलीय."

"आधीच्या सहाही झाडांच्या वेळी हेच म्हणालास."

खोटं नव्हतं ते. पण एकट्या आमांदियुला तरी काय बोलायचं? युद्ध सुरू झालं, परदेशी लोक तोफांसाठी वुल्फ्राम, म्हणजे हाच काळा जड दगड, मागायला लागले आणि आमचा अख्खा तालुका खुळावला. पेरणी टाकून माणसं डोंगर उकरत सुटली. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. पाद्रीबुवा प्रार्थना आटोपती घ्यायला लागले. सहीसुद्धा न येणारी माणसं खिशाला दोन-दोन फाउंटन पेनं लावून जत्रेत मिरवायची. आणि ज्या झाडांनी पिढ्यान् पिढ्या हिवाळे काढून दिले, ती खाली दगड असेल म्हणून आडवी झाली. चेस्टनट आजोबाने लावायचं आणि नातवाने खायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक असून उपयोग काय, कपाळ!

"हेही गेलं तर थंडीत काय खायचं रे?" एटेल्विनाला रडू फुटलं. "शेतात दाणा नाही. पोत्यात पीठ मूठभर उरलंय."

"थंडीला पाच महिने आहेत. तोवर काय, फुलं खायची याची?" आमांदियु ओरडला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "फिलोमेना कालपासून रडायचीसुद्धा थांबलीय. बघितलंस ना?"

बघितलं होतं. आईच ती. लेक हाकेच्या अंतरावर घरात निपचित पडली होती. एटेल्विना बाजूला झाली आणि करवतीचं दुसरं टोक तिनेच धरलं.

फुलांनी लगडलेलं झाड संध्याकाळी पडलं. पुढे दोन दिवस दोघं बुंधा उकरत होती. डोंगरावर त्यांचं एकच घर. या दिवसांत ती खाली उतरली नाहीत की कोणी वर आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पहार खणकन वाजली. वीतभर रुंद, काळीभोर, चकाकणारी शीर! "देवा, पावलास रे बाबा!" म्हणत आमांदियु खड्ड्यातच गुडघ्यांवर बसला आणि ढसाढसा रडला.

दोन पोती भरून दोघं डोंगर उतरली. मान मोडायची वेळ आली, पण एटेल्विनाची पावलं थांबेनात. आधी पीठ घ्यायचं. मग खारवलेला मासा. फिलोमेनाला दूध.

दगड विकत घेणारा बेलार्मिनु वखारीला कुलूप लावत होता. त्याने पोत्यांकडे बघितलं आणि मान हलवली. "परत न्या. कालपासून बंदी आलीय. सरकारचा हुकूम. खणायचं नाही, विकायचं नाही, घ्यायचं नाही. घेतलं तर मी तुरुंगात."

"असं नका करू हो!" एटेल्विनाने त्याचे पायच धरले. "मूठभर पिठावर दोन्ही पोती घ्या. पोर मरेल माझी."

बेलार्मिनु तसा भला माणूस. त्याने स्वतःच्या शिदोरीतली अर्धी भाकरी तिच्या पदरात घातली आणि तिला उठवून उभं केलं.

"रडू नकोस, पोरी. थोडं नेट धर. मीही आता जुन्या धंद्याला लागतोय, चेस्टनटच्या. लोकांनी झाडं तोडून टाकली, त्यामुळे यंदा भाव आभाळाला भिडलाय. मागाल तेवढी उचल आजच देतो. फक्त तुमच्या सातही झाडांचा माल मलाच द्यायचा, दुसऱ्या कोणाला नाही."